मेडिकल फिजिसिस्ट व्हायचंय? नाशिकहून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नाशिक, सिन्नर, निफाड, मालेगावकडच्या एमएस्सीच्या मुलामुलींचे, एक्स-रे टेक्निशियनचे, कधीकधी त्यांच्या आईवडिलांचेही मला सतत फोन आणि मेसेज येतात. प्रश्न बहुतेक तेच असतात, म्हणून एकदाच नीट लिहून काढले. प्रश्नांना क्रमांक दिले आहेत. एका उत्तराचा धागा दुसऱ्यात गेला असेल तिथे तो क्रमांक सांगितला आहे. प्रवेशाच्या तारखा, फी आणि गुणांच्या अटी दरवर्षी बदलतात. त्या त्या वर्षीच्या जाहिरातीतच पाहा, माझ्यावर किंवा कुणा सिनियरवर विसंबू नका.

१. मेडिकल फिजिसिस्ट म्हणजे नेमकं कोण? डॉक्टर, की टेक्निशियन?

दोन्ही नाही. कुणाला, कुठे, किती किरणं द्यायची हे डॉक्टर ठरवतात. मशीन टेक्नॉलॉजिस्ट चालवतात. मशीनमधून खरंच तेवढीच किरणं बाहेर पडतात का, ठरलेल्या जागीच पडतात का, आणि भिंतीपलीकडे बाकावर बसलेल्या नातेवाइकांना त्यातलं काही लागत नाही ना, हे मोजून सांगायचं काम आमचं. रॉन्टगेननं ८ नोव्हेंबर १८९५ ला एक्स-किरण पाहिले आणि १८९६ मध्येच कातडी भाजल्याच्या तक्रारी यायला लागल्या. किरणं दिसत नाहीत, चटका लगेच जाणवत नाही, म्हणून कुणीतरी ती मोजायलाच हवीत. आमचा पेशा या गरजेतून उभा राहिला.

२. बारावीनंतर थेट कोर्स आहे का?

भारतात मान्य असलेला नेहमीचा रस्ता बीएस्सी फिजिक्स, मग एमएस्सी, असाच जातो. बारावीला गणित सोडू नका. बारावीनंतर लगेच मिळणारे रेडिओग्राफी किंवा इमेजिंग टेक्नॉलॉजीचे कोर्स चांगले आहेत, पण ते टेक्नॉलॉजिस्ट घडवतात. ते करून पुढे मेडिकल फिजिसिस्ट होता येईल का, याचं उत्तर प्रश्न ४ मध्ये आहे.

३. एमएस्सी फिजिक्स झालंय. आता पुढे काय?

दोन दारं आहेत. पहिलं म्हणजे मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्राचा, म्हणजे बीएआरसीचा, रेडिओलॉजिकल फिजिक्समधला एक वर्षाचा पदव्युत्तर डिप्लोमा. हा कोर्स १९६२ पासून चालू आहे आणि आता तो होमी भाभा राष्ट्रीय संस्थेच्या अखत्यारीत येतो. जागा मोजक्या, प्रवेशपरीक्षा कठीण, पण शिक्षण अव्वल. दुसरं दार विद्यापीठांच्या मेडिकल फिजिक्स किंवा रेडिएशन फिजिक्समधल्या एमएस्सीचं: चेन्नईचं अण्णा विद्यापीठ, कोइमतूरचं भारतीयार, चंदीगडचं पंजाब विद्यापीठ, मणिपाल, कालिकत. या दुसऱ्या दाराला साधी फिजिक्सची एमएस्सी आधी लागत नाही, बीएस्सीनंतरच अर्ज करता येतो.

दोन्ही वाटांनी गेलं तरी पुढे रेडिओथेरपी (किरणांनी कॅन्सरवर उपचार) असलेल्या सुसज्ज विभागात बारा महिन्यांची इंटर्नशिप करावीच लागते. ती झाल्याशिवाय अणुऊर्जा नियामक मंडळ, म्हणजे एईआरबी, तुम्हाला मेडिकल फिजिसिस्ट मानत नाही. फी भरण्याआधी कॉलेजला एकच विचारा: "तुमचा कोर्स एईआरबीच्या पात्रतेत बसतो का, आणि इंटर्नशिप कोण मिळवून देतं?" उत्तर लेखी घ्या. "होऊन जाईल" या शब्दावर दोन वर्षं घालवलेली मुलं मला भेटली आहेत.

४. मी बीई केलंय. किंवा बीएस्सी रेडिओग्राफी केलंय. चालेल का?

मेडिकल फिजिसिस्टसाठी फिजिक्सचा पाया लागतो, त्यामुळे नुसत्या बीईवर किंवा रेडिओग्राफीच्या पदवीवर ते पद मिळत नाही. पण टेक्नॉलॉजिस्टना रेडिएशन सुरक्षेचं काम बंद आहे असं समजू नका. एक्स-रे आणि सीटी विभागात अनुभवी टेक्नॉलॉजिस्ट किंवा रेडिओलॉजिस्टसुद्धा रेडिएशन सेफ्टी ऑफिसर (आरएसओ) होऊ शकतात (प्रश्न ९). कित्येक ठिकाणी तेच हे काम मनापासून करतात.

५. हे सगळं नाशिकमध्येच शिकता येईल का? आरोग्य विद्यापीठ तर आपल्याकडेच आहे.

हा गैरसमज फार पसरला आहे. महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ १९९८ मध्ये स्थापन झालं आणि त्याचं मुख्यालय म्हसरूळला आहे, हे खरं. पण ते राज्यभरच्या कॉलेजांना संलग्नता देणारं विद्यापीठ आहे. मुख्यालय शहरात आहे म्हणून प्रत्येक कोर्सचा वर्गही शहरात भरतो असं नाही. नाशिकमध्ये बीएस्सी आणि एमएस्सी फिजिक्स केटीएचएमसारख्या कॉलेजात उत्तम होतं. पुढच्या टप्प्याला घर सोडावं लागतं. इंटर्नशिपसाठी मात्र परत येण्याची शक्यता असते, कारण शहरात रेडिओथेरपीची सोय असलेली रुग्णालयं आहेत.

बीएआरसीच्या डिप्लोमासाठी अनेक जण विचारतात, "पंचवटी एक्सप्रेसनं रोज अप-डाऊन करू का?" करू नका. दादरला उतरून लोकलनं कुर्ला, तिथून हार्बरनं मानखुर्द, तिथून अणुशक्तीनगर आणि संध्याकाळी तेच उलटं. या कोर्सचा जीव प्रॅक्टिकलमध्ये आहे आणि प्रॅक्टिकल उशिरापर्यंत चालतात. दमलेल्या डोक्यानं किरणं मोजायचं चेंबर हाताळू नये.

६. इंटर्नशिपमध्ये काय करतात?

सकाळी पेशंट येण्याआधी लिनॅकचा (रेडिओथेरपीची किरणं देणाऱ्या मशीनचा) आउटपुट तपासायचा. दुपारी प्लॅनिंगच्या संगणकावर बसायचं. रात्री मशीन मोकळं झालं की खरी मापं घ्यायची. बारा महिन्यांत फाइल भरते ती रात्रीच्या कामानं. स्टायपेंड प्रत्येक ठिकाणी वेगळा, काही ठिकाणी नाहीच, ते आधी विचारून घ्या.

माझं सांगणं एवढंच की वर्षभरात आठवड्यातला एक दिवस तरी रेडिओलॉजी विभागात काढा. तुमच्या इंटर्नशिपच्या यादीत ते नसेल. परवानगी मागा, बहुतेक ठिकाणी मिळते. कारण पुढच्या उत्तरात आहे.

७. ताई, मला रेडिओथेरपी नको, इमेजिंगमध्येच काम करायचंय. जमेल का?

या प्रश्नाला गोड उत्तर देणारे बरेच भेटतील. खरं असं आहे की भारतात मेडिकल फिजिसिस्टच्या नोकऱ्या बहुतांश रेडिओथेरपीत आहेत, कारण तिथे फिजिसिस्ट असल्याशिवाय परवानाच मिळत नाही. एक्स-रे आणि सीटी विभागात तशी सक्ती नाही, म्हणून "इमेजिंग फिजिसिस्ट" असं पद मोठ्या संस्था सोडल्या तर क्वचितच दिसतं. इमेजिंगमध्ये यायच्या वाटा अशा: एईआरबीनं मान्यता दिलेल्या क्यूए (मशीनची गुणवत्ता-तपासणी) संस्थेत काम, मोठ्या रुग्णालयात रेडिएशन सेफ्टी ऑफिसर म्हणून नेमणूक, न्यूक्लिअर मेडिसिन (किरणोत्सारी औषध शरीरात देऊन तपासणी आणि उपचार), मशीन बनवणाऱ्या कंपन्या, नाहीतर अध्यापन. बहुतेक जण रेडिओथेरपीतून पाय रोवतात आणि मग इमेजिंगकडे हात पसरतात. मीही तशीच आले.

तरीही मी प्रत्येक विद्यार्थ्याला इमेजिंग शिकायला सांगते. रेडिओथेरपीचा पेशंट मोजका असतो आणि त्याच्यामागे चार तज्ज्ञ उभे असतात. सीटी मात्र गल्लोगल्ली पोहोचलं आहे. पडला, काढा सीटी. पोट दुखलं, काढा सीटी. आणि तिथे डोस मोजणारं कुणीच नसतं.

एक प्रसंग सांगते. एका छोट्या सेंटरवर (नाव सांगणार नाही) मी मापं घ्यायला गेले होते. पाच-सहा वर्षांच्या मुलाच्या पोटाचा सीटी नुकताच झाला होता. कन्सोलवर पाहिलं तर प्रोटोकॉल (स्कॅनची ठरलेली सेटिंग) मोठ्या माणसाचा. टेक्निशियन मुलगा हुशार होता, त्यानं स्क्रीनवरचा डोसचा आकडा दाखवला आणि म्हणाला, "मॅडम, हा तर मर्यादेतच आहे." तो आकडा काढला जातो ३२ सेंटिमीटर व्यासाच्या अ‍ॅक्रिलिकच्या दंडगोलावरून. मोठ्या माणसाच्या पोटाएवढा तो दंडगोल. त्या मुलाचं पोट असेल १८ सेंटिमीटर. बारीक शरीरात किरणं आतपर्यंत जोरात पोहोचतात, म्हणजे स्क्रीनवर जे लिहिलं होतं त्याच्या जवळपास दुप्पट डोस त्याला प्रत्यक्षात मिळाला होता. कुणी मुद्दाम केलं नव्हतं. लहान मुलांचा प्रोटोकॉल मशीनमध्ये होता, फक्त तो निवडायला कुणी शिकवलं नव्हतं. आम्ही दोघांनी बसून तो नीट लावला, मुलांच्या प्रोटोकॉलचं नाव मराठीत टाइप करून यादीत सर्वांत वर आणलं. अर्ध्या तासाचं काम. त्या अर्ध्या तासानं पुढच्या किती लेकरांचा डोस निम्म्यावर आला असेल याचा हिशोब मी अजूनही मनात करते.

८. इमेजिंगमध्ये रोज मोजतात तरी काय?

एक्स-रेपासून सुरू करा. ट्यूबचा व्होल्टेज दाखवतो तेवढाच आहे का (फरक पाच किलोव्होल्टच्या आत हवा). एमएएस (ट्यूबमधला विद्युतप्रवाह गुणिले वेळ) दुप्पट केला की किरणंही दुप्पट होतात का. अ‍ॅल्युमिनियमच्या पट्ट्या एकेक वाढवत किरणांचा मऊ, म्हणजे कमी ऊर्जेचा, भाग गाळला जातो का. ट्यूबच्या डब्यातून एक मीटरवर तासाला १ मिलिग्रेपेक्षा (ग्रे हे डोसचं एकक) जास्त गळती नाही ना.

सर्वांत साधी आणि माझी लाडकी चाचणी नाण्यांची. टेबलावर दिव्याचा चौकोन पडतो, त्याच्या चारही कडांवर एक-एक रुपयाची नाणी ठेवायची आणि एक्स-रे काढायचा. चित्रात किरणांचा चौकोन नाण्यांच्या कडेला येऊन थांबला पाहिजे. ट्यूबपासूनच्या अंतराच्या दोन टक्क्यांपेक्षा जास्त सरकला, म्हणजे एक मीटरवर दोन सेंटिमीटरपेक्षा जास्त, तर दुरुस्ती हवी. दिवा छातीवर आणि किरणं गळ्यावर, असं मशीन मी पाहिलं आहे. पेशंटला, टेक्निशियनला, कुणालाच पत्ता नव्हता. चार रुपयांच्या नाण्यांनी ते उघडं पडलं.

सीटीमध्ये पाण्याचा फँटम (शरीराच्या जागी ठेवायचं पाण्याचं भांडं) ठेवून चित्रात पाण्याचा अंक शून्याजवळ येतो का पाहतात. मग १६ आणि ३२ सेंटिमीटरच्या दंडगोलांच्या भोकांत १०० मिलिमीटर लांबीचं पेन्सिल चेंबर घालून डोस मोजतात. ही औपचारिक क्यूए दोन वर्षांतून एकदा करावी लागते, मोठी दुरुस्ती झाली किंवा ट्यूब बदलली तर लगेच. पण पाण्याचा अंक आणि नाणी रोज, आठवड्याला बघायला कुणाची ना नसते.

९. आरएसओ कसं व्हायचं? परीक्षा पास झालो म्हणजे झालं का?

परीक्षा पास झाल्यानं पात्रता मिळते. आरएसओ ही नेमणूक आहे: संस्था एईआरबीच्या ई-लोरा पोर्टलवर तुमचं नाव देते, एईआरबी मंजूर करते, आणि ती मंजुरी त्या संस्थेपुरती असते. नोकरी सोडली की मंजुरी तिथेच राहते. सोडताना पोर्टलवरून आपलं नाव काढून घ्या, नाहीतर तुम्ही पुण्याला आणि जबाबदारी नाशिकला, असं होतं. रेडिओथेरपी आणि न्यूक्लिअर मेडिसिनसाठी वरच्या पातळीची पात्रता लागते. फिजिसिस्टना इंटर्नशिपनंतर त्यासाठी बीएआरसीची परीक्षा द्यावी लागते. एक्स-रे विभागाच्या आरएसओबद्दल प्रश्न ४ पाहा.

१०. मुंबईत शिकून नाशिकला आले. चेंबरचे आकडे का जुळत नाहीत?

हा प्रश्न मला फार आवडतो, कारण मीही यातून गेले आहे.

मापनाचं चेंबर हवेला उघडं असतं. आतल्या हवेत किती रेणू आहेत त्यावर त्याचा आकडा ठरतो. मुंबई समुद्राकाठी, तिथे हवेचा दाब १०१० हेक्टापास्कलच्या आसपास. नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटरवर, इथे दाब ९४० ते ९५० च्या दरम्यान. म्हणजे चेंबरात हवाच सहा-सात टक्के कमी, आणि आकडाही तेवढा कमी. म्हणून प्रत्येक मापाला तापमान आणि दाबाची दुरुस्ती लावतात. संदर्भ २० अंश आणि १०१३.२५ हेक्टापास्कलचा. नाशिकमध्ये खोली २५ अंशावर असेल तर ही दुरुस्ती १.०९ च्या आसपास येते. मुंबईतून आलेल्या मुलाला वाटतं बॅरोमीटर बिघडला.

खरा धोका पुढे आहे. मोबाइलवरच्या हवामानाच्या अ‍ॅपमध्ये दिसणारा दाब समुद्रसपाटीला आणून दाखवलेला असतो, कसारा घाटाच्या खाली आणि वर सारखाच. शिकत असताना एकदा विभागातला बॅरोमीटर दुरुस्तीला गेला होता आणि मी मोबाइलवरचा आकडा घेतला. माझ्या गणितात आउटपुट सात टक्के कमी आला. मी मशीनचा आउटपुट वाढवायला सांगणार होते. वाढवला असता तर प्रत्येक पेशंटला सात टक्के जास्त डोस गेला असता. माझ्या सिनियरनं वहीवर दाबाचा रकाना पाहिला, काही न बोलता स्वतःचा बॅरोमीटर आणून समोर ठेवला. त्यावर ९४४ होतं. त्या दिवसापासून मी दाब दोन उपकरणांवर पाहते. तुम्हीही पाहा, आणि "स्टेशन प्रेशर" म्हणजे काय हे समजल्याशिवाय चेंबरला हात लावू नका.

११. टीएलडी बॅज कुठे लावायचा? दोन ठिकाणी काम करत असेन तर?

हा बॅज तुम्हाला लागलेला डोस नोंदवतो. तो लावायचा छातीवर, लेडच्या अ‍ॅप्रनच्या आत. बॅजमध्ये कॅल्शियम सल्फेटच्या तीन बारीक चकत्या असतात, दोघींवर वेगवेगळे फिल्टर, तिसरी उघडी. तीन महिन्यांनी त्या तापवतात, साठलेली ऊर्जा प्रकाश बनून बाहेर येते, आणि तीन चकत्यांच्या प्रकाशाच्या गुणोत्तरावरून किरणं कोणत्या ऊर्जेची होती तेही कळतं. दोन संस्था असतील तर दोन बॅज, पण तुमचा वैयक्तिक क्रमांक एकच. तो आयुष्यभर चालतो आणि सगळा डोस त्याच खात्यात जमा होतो. नवी नोकरी धरताना जुना क्रमांक सांगा, नवा घेऊ नका.

ड्यूटी संपल्यावर बॅज किरणांपासून दूर, कंट्रोल बॅजजवळ (तुलनेसाठी बाजूला ठेवलेल्या बॅजजवळ) ठेवा. दुचाकीच्या डिकीत नको, उन्हाच्या गाडीत नको.

१२. माझ्या बॅजवर अचानक मोठा डोस आला. आता काय होईल?

तिमाहीत १० मिलिसिव्हर्टच्या (माणसाला लागलेल्या डोसचं एकक) वर गेलं की चौकशी होते. घाबरू नका आणि लपवू नका. आधी आठवा: बॅज कुठे राहिला होता का? एका टेक्निशियनचा अ‍ॅप्रन बॅजसकट चेस्ट स्टँडमागच्या खुंटीवर कित्येक दिवस लटकत होता. त्या बॅजनं रोज पन्नास छात्यांचे एक्स-रे खाल्ले, माणसाला काहीच लागलं नव्हतं. त्या पोराला रात्रीची झोप लागेना. खोलीत बसून मापं घेतली, खुंटीच्या जागेचा डोस काढला, अहवालाशी जुळला, तेव्हा कुठे प्रकरण मिटलं. चौकशीत खरं सांगणाऱ्याला शिक्षा नसते. खरा डोस लागला असेल तर काही काळ किरणांच्या कामातून बाजूला ठेवतात आणि गरज पडल्यास रक्त तपासतात.

१३. वर्षाला किती डोस चालतो? आणि पेशंटला मर्यादा का नाही?

काम करणाऱ्याला पाच वर्षांची सरासरी वर्षाला २० मिलिसिव्हर्ट, आणि कुठल्याही एका वर्षात ३० च्या वर नाही. हात आणि त्वचेला ५००. सामान्य जनतेला १. तुलनेसाठी, निसर्गातूनच जगात माणसाला सरासरी २.४ मिलिसिव्हर्ट वर्षाला मिळतात. नीट काम करणाऱ्या विभागात बहुतेकांचे अहवाल शून्याला टेकलेले असतात. ते २० कडे सरकत असतील तर "मर्यादेत आहे" म्हणून सोडू नका, कारण शोधा.

पेशंटला मर्यादा घातली तर गरज असलेली तपासणीच थांबेल. म्हणून तिथे दोन प्रश्न विचारतात: ही तपासणी खरंच हवी का, आणि हवी तर कमीत कमी किती किरणांत निदान होईल? पहिला डॉक्टरांचा, दुसरा आपला (प्रश्न ७ मधला मुलगा आठवा).

१४. आई म्हणते, किरणांत काम केलं तर लग्न जमायचं नाही, मूल होणार नाही. काय सांगू?

आईला हे वाचून दाखवा. पुरुषांत तात्पुरतं वंध्यत्व यायलासुद्धा अंडकोशांना एकदम १५० मिलिग्रेच्या आसपास डोस लागतो, तुमच्या वर्षभराच्या मर्यादेच्या कितीतरी पट. हिरोशिमा-नागासाकीतून वाचलेल्यांच्या पुढच्या पिढीचा दशकानुदशकं अभ्यास झाला आहे, आणि त्या मुलांत आनुवंशिक दोष वाढल्याचं आढळलेलं नाही. मी स्वतः या कामात असताना दोन मुलांची आई झाले. काळजी करावी ती निष्काळजीपणाची, पेशाची नव्हे.

१५. इंटर्नशिप चालू असताना दिवस गेले तर?

लगेच कळवा, लेखी. कळवल्यापासून उरलेल्या काळात गर्भाला १ मिलिसिव्हर्टच्या वर डोस जाऊ नये, असा नियम आहे, आणि तो पाळायची जबाबदारी संस्थेची. घरी बसायची गरज नाही. प्लॅनिंग, गणितं, क्यूएचं विश्लेषण ही कामं चालू राहतात. ब्रेकीथेरपी (स्रोत शरीरात ठेवून उपचार), न्यूक्लिअर मेडिसिनची हॉट लॅब (किरणोत्सारी औषधं हाताळायची खोली) आणि फ्लुरोस्कोपी (सलग चालणारा एक्स-रे) टाळा. "तू आता सुट्टी घे" असं कुणी म्हणालं तर हा नियम दाखवा. नियम काम बदलायला सांगतो, काम काढून घ्यायला सांगत नाही.

१६. एमआरआय आणि सोनोग्राफीलाही आरएसओ लागतो का?

नाही. त्यात आयनीकरण करणारी किरणं नाहीत, एईआरबीचा परवाना लागत नाही. सोनोग्राफीला पीसीपीएनडीटी कायदा लागतो, पण तो लिंगनिदानाबद्दल आहे. एमआरआयचा धोका चुंबकाचा आहे आणि तो चोवीस तास चालू असतो, मशीन "बंद" असलं तरी. ऑक्सिजनचं सिलिंडर किंवा कुठलीही लोखंडी वस्तू आत नेऊ देऊ नका, आणि शरीरात पेसमेकर किंवा धातूचं काही आहे का, हे आधी विचारा.

१७. न्यूक्लिअर मेडिसिनमध्ये जावं का?

ज्याला घड्याळाशी खेळायला आवडतं त्यानं जावं. पेट-सीटीसाठी लागणारं एफडीजी (किरणोत्सारी साखर) ११० मिनिटांत निम्मं होतं. समजा, मुंबईहून पहाटे १०० मिलिक्युरी (किरणोत्साराचं एकक) निघालं. ३ तास ४० मिनिटांत नाशिकला पोहोचलं तर हातात उरतं २५. कसारा घाटात ट्रक आडवा झाला आणि आणखी तास गेला, तर १७. आता तीन पेशंट उपाशीपोटी बसले आहेत, कुणाला आधी घ्यायचं, कुणाला किती द्यायचं, हे पाच मिनिटांत सोडवायचं असतं. टेक्नेशियम-९९एमचं अर्धायुष्य (निम्मं व्हायला लागणारा वेळ) ६ तास, आयोडीन-१३१ चं ८ दिवस. आयोडीनचा मोठा डोस दिलेल्या पेशंटच्या टॉयलेटचं पाणीसुद्धा टाकीत साठवून, मोजून सोडावं लागतं.

१८. लासलगावच्या कांदा विकिरण केंद्रात किंवा अंबड-सातपूरच्या कारखान्यात मेडिकल फिजिसिस्टला नोकरी मिळते का?

किरणं तीच, पात्रता वेगळी. लासलगावचं कृषक केंद्र बीएआरसीनं २००२ मध्ये उभं केलं. तिथे कोबाल्ट-६० आहे, आणि कांद्याला कोंब फुटू नये म्हणून १०० ग्रेपेक्षा कमी डोस देतात. माणसाच्या पूर्ण शरीराला एकदम ४-५ ग्रे बसला तर जीव जाऊ शकतो, यावरून तिथल्या सुरक्षेची पातळी समजा. कारखान्यांत वेल्डिंगचे जोड तपासायला इरिडियम-१९२ वापरतात. दोन्हीकडच्या आरएसओसाठी वेगळं प्रशिक्षण आणि वेगळं प्रमाणपत्र लागतं. मेडिकलच्या प्रमाणपत्रावर तिथे चालत नाही, तिथल्यावर इथे चालत नाही.

१९. जुनं एक्स-रे मशीन भंगारात दिलं तर किरणं निघत राहतात का?

एक्स-रे मशीनमध्ये किरणोत्सारी पदार्थ नसतो. वीज काढली की किरणं संपली. तरी ते असंच विकता येत नाही: ई-लोरावर कळवून, ट्यूब निकामी करून, मग विल्हेवाट लावायची, नाहीतर कुणीतरी ते पुन्हा जोडून विनापरवाना चालवतं.

कोबाल्ट किंवा इरिडियमचा स्रोत ही मात्र वेगळीच गोष्ट. २०१० मध्ये दिल्लीच्या मायापुरी भंगार बाजारात एका विद्यापीठाच्या प्रयोगशाळेतला जुना कोबाल्ट-६० लिलावात गेला, भंगारवाल्यांनी तो फोडला. एका माणसाचा जीव गेला, अनेक भाजले. ते यंत्र वर्षानुवर्षं बंद पडून होतं. स्रोत कधीच "बंद" होत नाही. तुमच्या संस्थेत कुठलीही जुनी, कुलूप लावलेली, कुणाला न आठवणारी पेटी दिसली तर पहिलं काम, सर्व्हे मीटर (आसपासची किरणं मोजायचं उपकरण) घेऊन तिच्याजवळ जा.

२०. मालक म्हणतात, "मागच्या वेळचे आकडे आहेत ना, तेच टाक आणि सही कर." काय करू?

हा प्रश्न वर्षातून दोन-तीनदा येतो, आणि नेहमी रात्री.

सही करू नका. क्यूए मान्यताप्राप्त संस्थेनं, कॅलिब्रेट केलेल्या उपकरणानं, प्रत्यक्ष घेतलेल्या मापांवर करायची असते. न मोजता लिहिलेला आकडा ही खोटी साक्ष आहे. मला हे एकदा सांगितलं गेलं होतं, नोकरी नवीन होती, घरभाडं होतं. मी म्हणाले, "सर, आज रात्री मशीन मोकळं झालं की मोजून देते, उशीर माझ्याकडून." मोजलं. सगळं बरोबर होतं, फक्त एका भिंतीच्या दाराखाली लेडचा पत्रा सरकून दीड बोटाची फट पडली होती. दाराबाहेर बाकावर बायका पोरं घेऊन बसायच्या. मागच्या वर्षीच्या आकड्यांत ती फट नव्हती.

मोजायची तयारी दाखवूनही दबाव राहिला, तर ईमेलवर लिहून ठेवा, स्वतःच्या वहीची प्रत ठेवा, आणि आरएसओ म्हणून तुमची मंजुरी असेल तर एईआरबीला कळवणं तुमच्या कामाचा भाग आहे. अशी नोकरी गेलेली दोन मुलं मला माहीत आहेत. दोघांनाही चार महिन्यांच्या आत दुसरीकडे काम मिळालं.

२१. परदेशातून मेडिकल फिजिक्सची एमएस्सी केली तर भारतात चालेल?

आपोआप नाही. पदवीची समकक्षता आणि इंटर्नशिपचे बारा महिने यांची कागदपत्रं एईआरबीसमोर तपासली जातात, आणि परदेशातली इंटर्नशिप अपुरी ठरली तर ती इथे पुन्हा करावी लागते. जाण्याआधी अभ्यासक्रमाची पूर्ण प्रत आणि क्लिनिकल तासांचा दाखला मिळेल का, हे विद्यापीठाला विचारून ठेवा. परत आल्यावर ते कागद मागवायला सहा-सहा महिने जातात.

२२. पुस्तकं, परीक्षा सगळं इंग्रजीत. मराठी माध्यमातून आलेल्यांचं काय?

परीक्षा इंग्रजीतच आहे, ती तयारी करावी लागेल, आणि ती होते. पण हॉस्पिटलात रोज कामाला येणारी मराठी तुमचीच आहे. मॅमोग्राफीला (स्तनांच्या एक्स-रेला) आलेल्या त्र्यंबककडच्या बाईला "किरणं पोटात राहत नाहीत, फोटो काढला की संपली" हे सांगायला इंग्रजी कामाचं नाही. वॉर्डबॉयला टीएलडी का हलवू नको, हे समजावायलाही नाही. मी विद्यार्थ्यांना मापांची वही इंग्रजीत आणि सूचनांचे फलक मराठीत लिहायला लावते. एक्स-रे खोलीच्या दारावर "गरोदर असाल तर आधी सांगा" हे मोठ्या अक्षरात, वाचता न येणाऱ्यांसाठी चित्रासकट. तुमच्या विभागात तो फलक नसेल तर रुजू झाल्याच्या पहिल्या आठवड्यात लावून घ्या.